लग्न झालेलं नसताना मुलीची 'जॉइंट लीगल कस्टडी' मिळते का? कोर्ट काय बघतं?

तुमचा प्रश्न असा: लग्न न करता सहा वर्षं एकत्र राहिलात, आता वेगळे झालात. साडेचार वर्षांची मुलगी आईकडे कोल्हापूरच्या राजारामपुरीत आहे, जन्मदाखल्यावर वडील म्हणून तुमचं नाव आहे, आणि अमेरिकेतला चुलतभाऊ 'जॉइंट लीगल कस्टडी माग' म्हणतोय, म्हणजे मुलीबद्दलचे मोठे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा हक्क.

मी कोल्हापुरात कौटुंबिक दावे चालवतो. चुलतभावाचं तिकडं बरोबर आहे. मूल कुणाकडे राहणार आणि त्याच्या शाळेचे, औषधोपचाराचे निर्णय कोण घेणार, हे तिथली कोर्टं वेगवेगळं ठरवतात. आपल्या कायद्यात तशी स्वतंत्र सोय नाही. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण कायदा काही बदलला नाही.

हिंदू कायदा लागू असेल तर १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याचं कलम ६ वाचा. विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर वडील. 'पाच वर्षं झाली की पोरगी बापाकडं' असं चहाच्या गाड्यावर कुणीही सांगेल. ती पाच वर्षांची ओळ लग्नातून झालेल्या मुलांसाठी आहे, आणि त्यांच्याही बाबतीत आपोआप काही होत नाही. शिवाय २०१५ मध्येच सुप्रीम कोर्टानं अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता, त्यांना नोटीस न देता पालकत्व मागता येईल असं म्हटलंय. म्हणजे तुमची सुरुवातच पिछाडीवरून आहे.

तरी दार बंद नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल जिथं राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. तिथं आईबापाच्या हक्कापेक्षा मुलाचं हित मोठं. दाखल्यावरच्या नावानं तुम्ही उभे राहू शकता, एवढंच. पुढं न्यायाधीश बघतात की लसीकरणाला कोण जात होतं, फी कोण भरतं, शिक्षिका कुणाला ओळखतात, तुम्ही ड्यूटीवर असताना घरी कोण असतं. मूल मोठं असेल तर त्यालाही विचारतात.

माझा सल्ला: 'जॉइंट' या शब्दामागं लागू नका. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकाकडे पाठवतातच, तिथं तडजोडीचा प्रयत्न मनापासून करा आणि जमलं तर पुरसीसमध्ये, म्हणजे दोघांनी कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, बारकावे लिहून घ्या. 'वडील मुलीला भेटतील' हे वाक्य कुचकामी. 'दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला आजीच्या घरून न्यायचं, रविवारी संध्याकाळी सहाला तिथंच सोडायचं. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. शाळा बदलणं, ऑपरेशन, पासपोर्ट यासाठी दोघांची लेखी संमती. शाळेच्या ग्रुपवर दोघांचे नंबर' असं लिहा. कोर्टानं मान्य केलं की तुम्हाला हवे असलेले निम्मेअधिक हक्क त्यातच आले. तडजोड नाही जमली, तर मुख्य अर्जाबरोबर भेटीचा अंतरिम अर्ज टाकाच, कारण मूळ अर्ज निकाली निघेपर्यंत पोरगी तुम्हाला विसरलेली असेल.

पैसे अडवून धरू नका. अनौरस मुलालाही पोटगीचा हक्क आहे, आणि 'भेट नाही तर पैसे नाहीत' हा मेसेज पुढच्याच तारखेला समोरचे वकील दाखल करतात. शाळेच्या गेटवरून परस्पर उचलून आणायचा विचार तर डोक्यातून काढाच.

मुलीच्या आईनं तुमचं पितृत्वच नाकारलं तर डीएनए चाचणी मागता येते, पण कोर्ट ती सहजासहजी देत नाही. एकत्र राहत असतानाचा भाडेकरार, दवाखान्याचे कागद आत्ताच गोळा करा.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मुलीची परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. अपिलाची मुदत तीस दिवस, आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे त्यासाठी मुंबईच्या खेपा आता नाहीत.