टीव्ही घ्यायचा तो कामाला की हॉलला?

गोव्यातल्या सांखळीहून एका ताईंचा प्रश्न आलाय. इंटिरियर डिझायनिंगचा डिप्लोमा झालेल्या या ताई घरी बसून पणजी-पर्वरीच्या दोन आर्किटेक्टांची ऑटोकॅडची, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवरची, ड्रॉइंग करून देतात. महिन्याला सरासरी ३८,००० रुपये मिळतात. २०१६ चा लॅपटॉप आहे, चौदा इंची पडदा, आणि डोळे दुखतात. दुकानात २७ इंची क्यूएचडी (२५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा) मॉनिटर १६,५०० ला आहे, तर ४३ इंची ४के टीव्ही २७,९९० ला, ९ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. त्यांचा हिशेब असा: मॉनिटर घेतला तरी हॉलातला जुना टीव्ही आज ना उद्या बदलावा लागणारच, म्हणजे एकूण साडेचव्वेचाळीस हजार गेले. टीव्हीच घेऊन दिवसा मॉनिटर म्हणून वापरला, तर १६,५०० वाचले. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, घेऊन टाकू का, असं त्या विचारतात.

ताई, आधी टीव्हीची बाजू मांडतो, कारण कल्पना वेडगळ नाही. ४३ इंची ४के पडदा म्हणजे साडेएकवीस इंची चार फुल एचडी मॉनिटर मधल्या कडा काढून एकमेकांना चिकटवल्यासारखा. एका इंचात साधारण १०२ ठिपके बसतात, २७ इंची क्यूएचडीत १०९. म्हणजे अक्षरांच्या बारकाईत फारसा फरक नाही, आणि डावीकडे प्लॅन, उजवीकडे सेक्शन, खाली आर्किटेक्टचा ईमेल असं सगळं एकदम उघडं राहतं. ड्रॉइंगवाल्याला याचा मोह पडणारच.

पण तुमच्या हिशेबातले १६,५०० वाचलेले नाहीत. जुना टीव्ही नऊ वर्षांचा असला तरी चालतोय. तुम्हीच लिहिलंय की रिमोटची दोन बटणं जोरात दाबावी लागतात, एवढीच तक्रार आहे. चालता टीव्ही या वर्षी बदलायचा नसेल, तर आजची तुलना २८ हजार विरुद्ध साडेसोळा हजार एवढीच होते. जो खर्च अजून झालेलाच नाही, तो वाचला म्हणून जमेला धरायचा नसतो.

आता लॅपटॉपाकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. २०१६ च्या बहुतेक लॅपटॉपांवर पडदा जोडायचं एचडीएमआयचं तोंड जुन्या १.४ पिढीचं आहे. त्यावरून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, ६० वेळा नाही. सिनेमा पाहताना ते कळत नाही, पण माउस हलवला की कर्सर मागून फरफटत येतो, आणि भिंतीची रेघ ओढताना टोक नेमकं पकडता येत नाही. आठ तास तसं काम करून पाहा! पंधरा दिवसांत तुम्ही नव्या लॅपटॉपाचे भाव बघायला लागाल, आणि मग २८ हजारांचा टीव्ही आणखी पन्नास हजारांचा खर्च हाताला धरून घरी आणेल. क्यूएचडी मॉनिटर मात्र त्याच जुन्या एचडीएमआयवर ६० च्या गतीने चालतो. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच लागतो.

दुसरी अडचण रंगांची. बरेच टीव्ही चित्र हलकं करण्यासाठी रंगाची माहिती अर्ध्यावर किंवा पावावर आणतात. माणसांच्या चेहऱ्यात ते दिसत नाही. पण तुमच्या ऑटोकॅडची पार्श्वभूमी काळी, त्यावर लाल, निळ्या, जांभळ्या केसासारख्या रेघा. नेमक्या त्याच विरघळल्यासारख्या दिसतात, आणि निळे डायमेन्शनचे आकडे पुसट होतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय इनपुटचं नाव 'पीसी' केलं की काही टीव्हींवर हे सुटतं, सगळ्यांवर नाही.

मी स्वतः हा खड्डा पाहून आलोय. २०१९ साली फोंड्याच्या ऑफिसात ३२ इंची एचडी रेडी टीव्ही लावला होता, मॉनिटरपेक्षा स्वस्त पडला म्हणून. एवढ्या मोठ्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके! एक्सेलचं ३ की ८ ते पुढे वाकून बघावं लागायचं, आणि खालचा टास्कबार अर्धा कडेबाहेर. तो ओव्हरस्कॅनचा प्रकार असतो, सेटिंगमधून जातो, हे मला दोन महिन्यांनी कळलं. शेवटी तो टीव्ही घरी नेला. एका क्लायंटच्या एसआयपीचा आकडा चुकीचा वाचला गेला, तेव्हा.

जागेचंही बघा. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद. तुमचं टेबल ६० सेंटीमीटर खोल, म्हणजे टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरवत बसणार. टीव्ही भिंतीवर, टेबल मागे, असं केलं तर तो हॉलातच राहील. आणि हॉलात संध्याकाळी साडेसात वाजता काय चालतं, ते तुमच्या पत्रातच आहे: सासूबाईंची मालिका. आर्किटेक्टचे बदलांचे फोन नेमके सातनंतर येतात, हेही तुम्हीच लिहिलंय. चवथीला तर गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधली, गणपती बसला, पाहुणे आले की हॉल तुमचा उरतच नाही. तेव्हा लाल रेघा कुठे ओढणार? कमाईची वस्तू आणि करमणुकीची वस्तू एकच असली की दोघांची वेळ एकमेकांवर आदळते, आणि घरात बहुतेकदा कमाई करणारीलाच 'थोडं थांब गो' म्हणतात.

ईएमआयबद्दल. दुकानदार रोख २६,५०० ला द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे 'नो-कॉस्ट'चे १,४९० रुपये तुम्हीच भरताय, त्यावर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. नुसत्या त्या १,४९० चाच दर काढला तरी वर्षाला साधारण १३ ते १४ टक्के पडतो. भयंकर नाही, पण फुकटही नाही. मला जास्त खटकतो तो हप्त्याचा मुहूर्त. महिन्याला ३,११०, आणि सुरुवात अशा वेळी, जेव्हा पावसामुळे बांधकामं थंडावलेली असतात नि आर्किटेक्ट बिलं पुढे ढकलतात. स्कूटरचा हप्ता आहेच. बँकेत ४०,००० आहेत आणि घरात तुम्ही महिना १८,००० देता, म्हणजे हाताशी जेमतेम दोन महिन्यांचा आधार. घरून, कामागणिक पैसे मिळणाऱ्या माणसाला मी सहा महिन्यांचा सांगतो.

मैत्रीण म्हणते की बिल कामाच्या नावावर घे, टॅक्समध्ये सुटेल. नाही सुटणार. तुम्ही प्राप्तिकराच्या ४४एडीए कलमाच्या, म्हणजे अंदाजे नफा धरायच्या, पद्धतीने रिटर्न भरता. त्यात मिळकतीचा निम्मा भाग नफा धरला जातो आणि सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आला असं मानतात, बिल लावायला वेगळी जागाच नाही. शिवाय तुमचा निम्मा भाग वर्षाला २,२८,००० होतो, त्यावर मुळात करच लागत नाही. जीएसटीची नोंदणी नसल्याने तिथलीही वजावट नाही. आणि विक्रेता 'जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या' म्हणतो ना, तो ३२ इंचांवरच्या टीव्हींचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला २२ सप्टेंबर २०२५ ला. तो काही चवथीपुरता कमी केलेला नाही.

विजेचा फरक किरकोळ आहे. टीव्ही शंभर वॅट आणि मॉनिटर तीस धरला, तर रोज आठ तासांनी महिन्याला सतरा युनिटच्या आसपास. वॉरंटीचा फरक मात्र किरकोळ नाही. मॉनिटरला बहुतेकदा ३ वर्षं मिळतात, टीव्हीला साधारण १, आणि काही टीव्हींच्या वॉरंटीत 'फक्त घरगुती वापर' अशी ओळ असते. टीव्हीचं पॅनेल गेलं की दुरुस्तीला अर्थ उरत नाही. काहीही घेतलं तरी सर्ज प्रोटेक्टर लावा, सांखळीतल्या विजांच्या गडगडाटाचं मी तुम्हाला काय सांगू.

तर माझं मत: मॉनिटर घ्या, रोखीने, पण बचतीला हात न लावता. दोन आर्किटेक्टांकडे मिळून तुमचे ३४,००० थकलेत असं शेवटच्या ओळीत लिहिलंय. पत्राची ती पहिली ओळ असायला हवी होती. त्यातले निम्मे आले की मॉनिटर येतो आणि उरलेले बचतीत जातात. चवथीआधी सगळ्यांनाच मजुरांचे पैसे चुकते करायचे असतात, त्या यादीत तुमचं नाव जावं म्हणून आत्ताच फोन लावा.

लॅपटॉप पुढेमागे बदलणारच असाल आणि वेगळी खोली मिळाली, तर टीव्हीचा विचार पुन्हा करू. तेव्हा दुकानात स्वतःचा लॅपटॉप, केबल आणि एखादं खरं ड्रॉइंग घेऊन जा. विक्रेता मोराच्या पिसाऱ्याचा व्हिडिओ दाखवेल, तो बंद करायला लावा आणि काळ्यावरचे निळे आकडे वाचा.

तोवर सासूबाईंसाठी नवा रिमोट आणा, दोन-अडीचशेला मिळतो.