वाचकांचे प्रश्न : पोथीची चिकित्सा

प्रश्न : आमच्या घरी नित्य ज्ञानेश्वरीचे वाचन होते. धर्मग्रंथांचा अभ्यास श्रद्धेपासून अलग ठेवून, शास्त्रीय पद्धतीने करणे योग्य आहे का?

उत्तर : आपण ज्या ज्ञानेश्वरीचे वाचन करता, तिच्यावरच असा संस्कार झालेला आहे. प्रती उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ, म्हणजे मूळ शब्दरचना, बिघडल्याचे पाहून संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, तिची प्रत शुद्ध केली आणि तीत पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवणे होय, असे बजावले. नाथांच्या श्रद्धेला याने बाध आला, असे कोणी म्हणणार नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेले आणि 1966 मध्ये पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम याहून कितीतरी कठोर होते. तेथे 1259 हस्तलिखिते विचारात घेतली गेली आणि श्लोक अक्षराअक्षराने तक्त्यावर मांडून पाठभेद नोंदवले गेले. गणपतीने व्यासांचे लेखनिकपण पत्करल्याची सर्वांच्या आवडीची कथा त्यात मूळ संहितेबाहेर, परिशिष्टात गेली. अनेकांना ते रुचणार नाही, हे मी समजू शकतो. परंतु कथा फेकून दिलेली नाही, ती नंतरची आहे एवढेच त्या स्थानावरून कळते. कोणता पाठ जुना हे अभ्यासक सांगू शकतो. त्या ओवीने मन का निवते, हे सांगणे त्याचे काम नव्हे, आणि तसा दावा त्याने करूही नये.