प्रशिक्षणासाठी निधी मागताना

सप्रेम नमस्कार,

तुमचा प्रस्ताव मी दोनदा वाचला. अल्प उत्पन्न असलेल्या वस्त्यांतील तरुणांना सौरऊर्जेच्या कामाचे मोफत प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना मोलाची आहे आणि तिच्यामागची तुमची तळमळही जाणवते. तरीही आहे त्या स्वरूपात हा प्रस्ताव देणगीदारांकडे पाठवू नये, असे मला वाटते. प्रशिक्षक, साहित्य, जागा आणि प्रमाणपत्रे यांचा खर्च तुम्ही बारकाईने मांडला आहे. शिकणाऱ्याने प्रशिक्षणाच्या तीन महिन्यांत घर कसे चालवायचे, याचा खर्च मात्र त्यात कोठेही धरलेला नाही.

ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला मोफत वर्गाचीही किंमत मोजावी लागते, कारण वर्गात बसलेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. प्रवासभाडे आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय हे खर्च वेगळेच. मी आखलेल्या पहिल्या वर्गात तिसऱ्या आठवड्यापासून जागा रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा या लोकांत चिकाटी कमी आहे, असा निष्कर्ष मी काढला होता. पुढे एकेकाच्या घरी गेल्यावर समजले की, सर्वांत मन लावून शिकणारेच आधी गेले होते, कारण घरातले कमावते तेच होते. त्या निष्कर्षाची खंत मला आजही वाटते. म्हणून अंदाजपत्रकात विद्यावेतनाची नोंद सर्वांत वर करा आणि पैसे कमी पडलेच, तर विद्यार्थ्यांची संख्या कमी करा, पण विद्यावेतनाला हात लावू नका. भारत सरकारच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या, सौरकामाचे तंत्रज्ञ घडवणाऱ्या ‘सूर्यमित्र’ योजनेत ६०० तासांचे प्रशिक्षण निवासी ठेवून राहण्याजेवण्याची सोय केली गेली, हे पाऊल योग्यच होते. परंतु त्याने शिकणाऱ्याचे पोट भरते, मागे राहिलेल्या घराचा प्रश्न उरतोच.

एका विद्यार्थ्यामागे इतका खर्च कशासाठी, असे देणगीदार विचारतील आणि अभ्यासक्रम दोन आठवड्यांवर आणण्याचे सुचवतील. त्याला नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. सौर पॅनेलवर प्रकाश पडत असेपर्यंत त्यात वीज निर्माण होतच राहते. खालचा खटका बंद केला, तरी छतावरच्या तारांत विजेचा दाब कायम असतो. शिवाय हा प्रवाह एकदिश (डीसी) असल्यामुळे सैल जोडणीत पेटलेली ठिणगी घरातल्या विजेच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहातल्यासारखी सहज विझत नाही आणि आग लागू शकते. त्यात उंचीवरून पडण्याचा धोका आहेच. या गोष्टी हातांना सवय होईपर्यंत शिकवाव्या लागतात आणि घाईचा धोका शिकणाराच पत्करत असतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तुमच्या प्रस्तावात प्रशिक्षणानंतर काय, याला अवघी एक ओळ मिळाली आहे. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने फारसे लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना सुमारे सहा महिन्यांत सौर अभियंत्या म्हणून तयार केले, हे तुम्ही उद्धृत केले आहे. पण त्या योजनेचा कणा तुमच्याकडून निसटला. गावातली घरे देखभालीसाठी दरमहा वर्गणी देतात आणि तिच्यातून त्या स्त्रीला मोबदला मिळतो, म्हणजेच कामाची सोय शिक्षणाबरोबरच लावलेली असते. अमेरिकेने २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट’ या कायद्यात स्वच्छ ऊर्जेला करसवलती देताना हेच वेगळ्या मार्गाने साधण्याचा प्रयत्न केला: मोठ्या प्रकल्पाने प्रचलित वेतनदर पाळले आणि कामाच्या तासांचा ठरावीक वाटा नोंदणीकृत शिकाऊ कामगारांना दिला, तर करसवलत प्रकल्पातील गुंतवणुकीच्या ६ टक्क्यांऐवजी ३० टक्के मिळे. तुमच्या हाती कायदा नाही. पण वर्ग सुरू होण्यापूर्वी कंत्राटदारांकडून किती जणांना, कोणत्या वेतनावर घेणार, हे लेखी घेणे तुमच्या हाती निश्चित आहे. कोणीच लिहून द्यायला तयार नसेल, तर तो वर्ग तेथे त्या वेळी घेऊ नये, इतके कठोर मत मी अनुभवाने बनवले आहे.

त्याच अमेरिकेत २०२५ च्या नव्या कायद्याने सौर आणि पवन ऊर्जेच्या सवलती आवरत्या घेतल्या. धोरण असे फिरते, तेव्हा केवळ पॅनेल बसवता येणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून पाया सर्वसाधारण वीजकामाचा ठेवा आणि त्यावर सौरकाम शिकवा. जमल्यास घरांच्या उष्णतारोधनाचे, म्हणजे भिंती-छतांतून उष्णतेची ये-जा रोखण्याचे, कामही जोडा. ते फारसे झगमगीत नाही, पण अमेरिकेत अल्प उत्पन्न कुटुंबांच्या घरांसाठी १९७६ पासून त्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. वाटलेली प्रमाणपत्रे मोजू नका. एका वर्षानंतर किती जण कामावर टिकले आणि त्यांची कमाई पूर्वीपेक्षा किती वाढली, ते मोजा. हा पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तीचे वर्षभराचे वेतन आत्ताच मागा, कारण वर्ग संपल्यावर त्यासाठी सहसा कोणी पैसे देत नाही.

नवे अंदाजपत्रक करण्यापूर्वी ज्यांच्यासाठी हे करायचे आहे, अशा पाचसहा घरांत बसून त्यांचा महिन्याचा खर्च समजून घ्या आणि विद्यावेतनाचा आकडा त्यावरून ठरवा. मग मसुदा पाठवा. मी लगेच वाचेन.

आपला स्नेहांकित