आवाज चढत नाही, मग कारखाना सांभाळता येईल का?

प्रश्न : मी सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत बाबा आणि काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं टॉवेल वजनाला कमी भरले म्हणून बिल अडवलं. बाबांनी फोनवर कोर्टाची भाषा केली. काकांनी नंतर दहा टक्के सोडून पैसे आणले. तेव्हापासून त्यांची ऑर्डरच आलेली नाही. मला एमबीए करून कारखान्यात यायचंय, पण माझा आवाज चढत नाही. मालकाला दरारा लागतोच ना?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या गिऱ्हाइकानं टॉवेल तोलला कसा, हे त्यात कुठेच नाही. घरात कुणी विचारलंच नसावं, असं मला वाटतं.

सुती माल हवेतला ओलावा धरतो. व्यापारात कापसाचा ओलावा कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के धरतात. म्हणजे 500 ग्रॅमच्या टॉवेलात सुमारे 39 ग्रॅम पाणीच असतं. तोच टॉवेल धुऊन, ड्रायरमधून काढून गरम असतानाच काट्यावर ठेवला, तर तो हलका भरणारच. वर पहिल्या धुण्यात थोडे तंतूही जातात. तुमच्याकडे हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. सूतच कमी गेलं असेल, तर चूक आपली. पण हे तपासायच्या आधीच बाबा लढले आणि काकांनी पैसे सोडले.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीनं 1925 मध्ये वाद हाताळण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या: मात करणं, दोघांनीही थोडं सोडणं आणि दोघांचीही खरी गरज भागेल अशी वाट काढणं. त्यांचंच उदाहरण आहे. वाचनालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा हवी होती आणि फॉलेटना अंगावर वारा नको होता, एवढंच. तुमच्या बाबतीत अशी वाट म्हणजे वजन कधी, कुठे आणि कसं करायचं हे पुढच्या ऑर्डरवरच लिहून घेणं.

आता दराऱ्याबद्दल. मला त्यातली खरी अडचण गिऱ्हाइकापेक्षा कारखान्याच्या आत दिसते. पॅकिंगच्या टेबलावर एखाद्या बाईंना तो लॉट हलका लागला असेल, तर त्या बाबांना सांगायला गेल्या असत्या का? मालक ओरडतो तिथे तक्रार दाबली जाते आणि मग ती थेट गिऱ्हाइकाकडून, बिलासकट परत येते. काकांच्या पद्धतीचीही किंमत आहे. बिल अडवलं की दहा टक्के सुटतात, हे समोरचा एकदा शिकला की विसरत नाही.

कडक व्हायची वेळही येते. कारण न देता कुणी पैसे थकवले, तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सूक्ष्म आणि लघु उत्पादकाच्या बाजूनं आहे. लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, उशिराला चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. मालाबद्दलची हरकतही 15 दिवसांत लेखी यावी लागते. त्या गिऱ्हाइकाची हरकत कधी आली होती, ते फाइलमध्ये बघ. या सगळ्याला तारखा लागतात, चढा आवाज लागत नाही.

एमबीए जरूर कर, राज्याची सीईटी दे. पण माझं मन विचारशील तर आधी एक वर्ष कारखान्यात काढ, आणि तेही केबिनमध्ये नाही, पाठवणीच्या विभागात. मग वाटाघाटी आणि संघटनेतलं वर्तन हे विषय पुस्तकी राहणार नाहीत. तू शांतपणे ऐकतेस, हे तुझ्या पत्रावरून कळतं. बाबा आणि काका दोघांचंही म्हणणं तू एकही कडवट शब्द न वापरता लिहिलंस. या कामात ती मोठी जमेची बाजू आहे.

परीक्षा संपली की काकांबरोबर त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन ये. बाबांना आधी सांग, त्यांच्या मागे नको. पैशांचा विषय काढू नकोस, टॉवेल कसा तोलला तेवढंच विचार. त्याच लॉटमधले दोन टॉवेल आणि पाठवणीच्या दिवशीची वजनाची वही बरोबर ने.