घरचे सगळे धड, मग मलाच असं का होतंय?

टाळेबंदीच्या काळात कॉलेजच्या मुलामुलींकडून सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न हाच. घरात कोणी दगावलं नाही, खाण्यापिण्याची ददात नाही, तरी काहीच चांगलं का वाटत नाही? विचारणाऱ्याच्या आवाजात दुःखापेक्षा शरम जास्त असायची.

काटोलकडच्या एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मार्च 2020 मध्ये होस्टेल रिकामं करायला सांगितलं, तेव्हा तो गादी आणि पुस्तकांची पेटी नागपुरात मित्राच्या खोलीवर टाकून गावी गेला. पंधरा दिवसांत परत यायचंच होतं. 2021 चा जून उजाडला तरी पेटी तिथंच. दरम्यान बीएस्सीची शेवटची परीक्षा मोबाईलवर झाली, एमएस्सी केमिस्ट्रीला ॲडमिशन झाली, पण लॅबचं दार काही दिसलं नव्हतं. प्रॅक्टिकल म्हणजे यूट्यूबचे व्हिडिओ. "मॅडम, मले काहीच झालं नाही ना, मंग असं काहून होऊन राहिलं?" फोनवरचं त्याचं पहिलं वाक्य.

2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात बेड मिळवताना लोकांचे काय हाल झाले ते सगळ्यांना आठवतं. त्याच्या गावातही माणसं गेली. त्यामुळे तो गप्प बसला की आई म्हणायची, "देवानं आपल्या घरचे सगळे धड ठेवले, आणखी काय पाहिजे तुले?" तिचं काही चुकत नव्हतं, तीही घाबरलेलीच होती. पण या वाक्यावर माझा जुना राग आहे. त्यानं पोराचं दुःख कमी होत नाही, फक्त तोंड बंद होतं.

मी त्याला जीवन-समाधानाची एक मापिका फोनवरच वाचून दाखवली. एड डीनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी ती 1985 मध्ये मांडली. पाच विधानं, प्रत्येकाला 1 (अजिबात पटत नाही) ते 7 (पूर्ण पटतं) गुण. बेरीज 20 म्हणजे अधेमधे, त्याखाली असमाधान. पहिल्या तीन विधानांत आजच्या आयुष्याबद्दल विचारतात, तिथं तो एक-दोनच्या वर जाईना. चौथ्याला तीन. पाचवं विधान असं, की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळपास काहीच बदलणार नाही. तिथं तो थांबला. "2019 पर्यंतचं तर काहीच नाही बदलणार मी. सहा लिहा." बेरीज झाली 14. म्हणजे असमाधानीच. पण मला त्या बेरजेपेक्षा तो सहा महत्त्वाचा वाटला. हा मुलगा स्वतःला नाकारत नव्हता, अडकलेल्या दिवसांना नाकारत होता.

अर्थात कमी गुण म्हणजे नैराश्य नव्हे, तसंच ही मापिका भरून नैराश्य नाही असंही ठरत नाही. म्हणून बाकीचं सरळ विचारलं: जेवण, झोप, मन कशातच न लागणं, हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळपास रोज आहे का? मरणाचे विचार येतात का? हे विचारल्यानं तसं काही डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याच्याकडे तसे विचार नव्हते. असते तर त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घेऊन नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात पाठवलं असतं. आज सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथं रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं. तेव्हा तो सुरू व्हायचा होता.

झोपेचा मात्र पार बोऱ्या वाजला होता. पहाटे तीनपर्यंत मोबाईल, अकराला उठणं, लेक्चरला "प्रेझेंट मॅम" टाईप करून फोन उशाखाली. मी दोनच गोष्टी सांगितल्या. रात्री कितीही वाजता झोपलास तरी सकाळी सातला घराबाहेर, उजेडात. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. आणि खाटेवर पुस्तक-मोबाईल न्यायचा नाही. बाबांसोबत संत्र्याच्या बागेत जायचं ठरलं, तर बाबाच अडले: "शिकणाऱ्या पोरानं बागेत काहून यावं?" त्यांच्याशी बोलावं लागलं. "भाऊ, कामाला नका लावू, नुसतं सोबत न्या." आधी मन लागेल, मग उठेन, अशी वाट पाहिली की दिवस सरतो, अंग हललं की मन मागून येतं, निदान बऱ्याचदा.

दुसरं काम जड होतं. काय काय गेलं ते नावानिशी बोलायचं. लॅब, खोलीवरचे मित्र, सकाळचा तर्री-पोहा, निरोप समारंभ, आणि "कोविड बॅचवाले" म्हणून नोकरीत हिणवतील ही धास्ती. हे बोलताना तो पहिल्यांदा रडला. आईही ऐकत होती. नंतर ते "सगळे धड ठेवले"चं वाक्य तिनं म्हटल्याचं त्याच्याकडून ऐकलं नाही.

झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. मापिकेचे गुण थोडेच वाढले, आणि कॉलेजच बंद असताना ते फार वाढावेत अशी माझी अपेक्षाही नव्हती.

20 ऑक्टोबर 2021 पासून, दोन डोस झालेल्यांसाठी, कॉलेजं उघडली. महिन्याभरात त्याचा फोन. "मॅडम, एमएस्सीत आहो अन् पिपेट धरली का हात थरथरते." बाकीच्यांचं काय, असं विचारलं. त्यानं विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळवलं, "सगळ्याइचेच थरथरते." मग त्यांच्यातल्या काही जणांनी सरांना गाठून शनिवारी लॅब उघडी ठेवायला सांगितली. सरांनी ठेवली.