वहीला कुलूप लावण्याआधी ती वाचा

तुमच्याकडे साठा-बिलांचं सॉफ्टवेअर येऊन २ महिने झाले, तरी गोदाम सांभाळणारे जुने गृहस्थ वहीतच नोंदी करतात, आणि आता त्यांना ‘वही बंद’ असं लेखी द्यायचा तुमचा विचार आहे. कृपया ते पत्र थांबवा. मी नेमकं तेच करून बसले होते.

बॅकअप, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे ९ माणसं. नवी प्रणाली सुरू झाली त्याच दिवशी मी गोदामातल्या काकांची वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. वही हाताशी असली की माणूस तिकडेच वळणार, असं मला वाटलं. आत काय आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. समासात बारीक अक्षरात सगळं होतं: कोणतं गिऱ्हाईक कुठल्या वस्तूला काय म्हणतं, कोणता माल आधी काढायचा, कुणाला खोकं फोडून सुटं द्यायचं. सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचं नाव एकच, पुरवठादाराच्या बिलावरचं. गिऱ्हाईक समोर खोळंबलेलं, काकांना यादीत नाव सापडत नाही, आणि नवा मुलगा सगळ्यांदेखत त्यांच्या हातातून माऊस काढून घेतो. ५ आठवड्यांत त्यांनी काम सोडलं. मी त्याला बदलाला विरोध समजत राहिले. त्यांना अपमान सोसवला नव्हता.

वस्तूला दुसरं नाव जोडता येईल का, हे मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत कक्षाला ४ वेळा विचारलं. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, उत्तर तेच: ‘वापरणाऱ्याची चूक आहे, पुन्हा प्रशिक्षण घ्या.’ तो रकाना प्रणालीत आधीपासून होता, फक्त बंद ठेवलेला. काका गेल्यावर कितीतरी दिवसांनी मला तो सापडला. याचा राग अजून जात नाही. मदत कक्षाकडून प्रत्येक उत्तर लेखी घ्या.

पुढे कोच आणि फ्रेंच या संशोधकांचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचनात आला. अमेरिकेतल्या एका पायजम्यांच्या कारखान्यात कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला. तिथे पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. ज्यांना आखणीतच घेतलं, त्यांच्यातलं त्या काळात कुणीही गेलं नाही, आणि त्यांचं काम लवकर सावरून आधीपेक्षा वर गेलं.

म्हणून माझं मत: वही घेऊन तुमच्या त्या जुन्या गृहस्थांशेजारी २-३ दुपारी बसा. ते सांगतील, तुम्ही टाईप करा. नावं त्यांचीच ठेवा. वही कधी थांबवायची ती तारीखही त्यांनाच ठरवू द्या, पण महिन्याच्या आतली. दुहेरी नोंदी लांबल्या की दोन्हीकडे चुका होतात. शिकवणं एकांतात व्हावं, आणि वयाने सर्वांत लहान माणसाकडून तर नकोच. नोकरी जाणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. जाणार असेल तर खोटा धीर देऊ नका.

हे सगळं एका छोट्या जागेतल्या अनुभवावरून सांगतेय. पाळ्यांमध्ये काम चालत असेल तर वेगळा विचार करावा लागेल.

आणि हो, स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून बघा. आमच्या हिशेबनीस बाई महिनाभर ‘मला जमत नाही’ म्हणत होत्या. त्यांना आकडे दिसतच नव्हते.