मालीश येते, पण कॅनडाला यावं का?

ताई, पंचकर्म सहायिकेचा कोर्स झालाय, पुण्यात चार वर्षं स्पामध्ये काम केलंय आणि एजंट टोरंटोजवळच्या एका खाजगी कॉलेजात प्रवेश मिळवून देतोय, तर येऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची मिरजेची, अकरा वर्षं ऑन्टारिओत हेच काम करतेय. आधी एवढंच सांगते, त्या कॉलेजचे पैसे इतक्यात भरू नका.

खाजगी करिअर कॉलेजात शिकलं की पुढे वर्क परमिट सहसा मिळत नाही. एजंट हे मोघम बोलून उडवून लावतात. सरकारी कॉलेज बघा. त्यातही १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना पुढे वर्क परमिट मिळायला बहुतेक कॉलेज-कोर्सेससाठी विषय ठरावीक यादीत असावा लागतो. इमिग्रेशनच्या वेबसाइटवर कॉलेज आणि कोर्स दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

कॅनडात प्रांतागणिक कायदा बदलतो. ऑन्टारिओ, ब्रिटिश कोलंबिया, न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड इथे नोंदणीशिवाय 'रजिस्टर्ड मसाज थेरपिस्ट' म्हणवून घेता येत नाही. आमच्याकडे ऑन्टारिओत १९९१चा मसाज थेरपी कायदा आहे. नोंदणी 'कॉलेज ऑफ मसाज थेरपिस्ट्स ऑफ ऑन्टारिओ' करतं. नावात कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत, परवाना आणि तक्रारी बघतात. (मी त्यांनाच मेल करून फी विचारली होती!) शिक्षण दोन-तीन वर्षांचं, मग परीक्षा. तुमच्या पंचकर्माच्या सर्टिफिकेटवर थेट नोंदणी होणार नाही.

हात तुमचे तयार आहेत, ते कामी येतीलच. पण इथे हातापेक्षा तोंड आधी चालवावं लागतं. आपल्याकडे मालीशवाली बाई बाळंतिणीला पाटावर बसवते आणि सुरू होते. इथे आधी आजारांची चौकशी, मग काय करणार ते सांगायचं, होकार घ्यायचा, आणि जिथे काम चालू आहे तेवढाच भाग चादरीबाहेर. छाती, मांडीची आतली बाजू अशा ठिकाणी लेखी संमती. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी हात न लावता डॉक्टरकडे धाडायचं. प्रत्येक वेळची नोंद लिहायची. ही लिखापढी मला पहिल्या वर्षी नकोशी झाली होती.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. मी सवयीने अंगठ्याने दाबत राहिले आणि दुसऱ्याच वर्षी पोळीची कणीक मळता येईना. आता कोपराखालचा हात आणि अंगाचा भार वापरते, टेबल कमरेच्या खाली ठेवते, दिवसाला पाचच माणसं घेते. हिशोब करताना आठ तास गुणिले दर असा करू नका. क्लिनिक आपला वाटा कापतं. वर्षाची कमाई ३०,००० डॉलरच्या वर गेली की दरावर १३ टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) लावायचा.

गिऱ्हाईक मात्र टिकून येतं. सरकारी आरोग्ययोजना मसाजचे पैसे देत नाही, पण बऱ्याच नोकऱ्यांमधला विमा दरवर्षी ठरावीक रक्कम देतो, आणि पावतीवर तुमचा नोंदणी क्रमांक लागतो. डिसेंबरात उरलेली रक्कम संपवायला झुंबड उडते.

त्यांना खरंच उपयोग होतो का? होतो, पण बढाई मारू नका. कंबर, मान, खांदे मोकळे होतात, झोप लागते. हा आराम काही दिवसांचा असतो, म्हणून तर नेमाने यावं लागतं. रोज बारा तास ट्रक चालवणारा एक पंजाबी काका दर तीन आठवड्यांनी येतो. त्याची पाठ बरी झालेली नाही, पण गाडी चालवता येते. 'शरीरातली विषं निघून जातात' असं काही सांगितलंत तर इथे तक्रार होऊ शकते. मी स्वतः महिन्यातून एकदा मैत्रिणीकडून करून घेते, आणि दिवाळीत तिळाच्या तेलाने घरी.

कॉलेजचं नाव कळवा. ते सरकारी आहे का, हे दोघी मिळून आधी बघू.